डिजिटल वसाहतवाद आणि साडेबारा टक्के: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घणसोली, ऐरोली, कळवा, कोपरखैरणे इथल्या वाचनालयांत आणि गावकीच्या बैठकांत डिजिटल वसाहतवादावर आणि त्याची भरपाई मागावी का यावर बोलणं झालं की काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत, जवळपास विचारले गेले त्याच शब्दांत. उत्तरं देणारा मी प्रकल्पग्रस्त, म्हणजे नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या घरातला आहे, त्यामुळे ती तटस्थ आहेत असा दावा नाही. शीर्षकातले साडेबारा टक्के म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तिचा तेवढा हिस्सा विकसित भूखंड म्हणून परत द्यायची योजना.

डिजिटल वसाहतवाद म्हणजे काय? एका वाक्यात सांगा.

कच्चा माल आपला, कारखाना दुसऱ्याचा आणि तयार माल पुन्हा आपल्यालाच विकायला.

कच्चा माल म्हणजे आपलं बोलणं, फोटो, आपण चालतो ते रस्ते, दवाखान्यातले रिपोर्ट, कुणीतरी हौसेनं टाइप केलेलं मराठी. कारखाना म्हणजे सर्व्हर आणि त्यावर चालणारी एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) मॉडेलं. कापसाच्या बाबतीत हा व्यवहार आपल्या पणज्यांनी पाहिला आणि दादाभाई नौरोजींनी त्याचा हिशेब मांडून त्याला आर्थिक निःसारण म्हटलं. फरक इतकाच की कापूस गेला की शेत रिकामं दिसायचं. डेटा नेला तरी तो आपल्याकडे असतोच, त्यामुळे काही गेलंय हेच लक्षात येत नाही.

पण इथे कुणी बंदूक लावलेली नाही. आपण स्वखुशीनं ॲप उतरवतो. मग वसाहतवाद कसला?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि चांगला आहे.

नवी मुंबईसाठी १९७० नंतर ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली, तेव्हा लागू असलेला भूसंपादन कायदा १८९४ चा, म्हणजे इंग्रजांचा होता. त्यात शेतकऱ्याला हरकत नोंदवता यायची, नकार देता यायचा नाही. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट २०१३ च्या कायद्यात आली. बंदूक न लावताही संमती पोकळ असू शकते, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मोबाइलवरचं ‘मी सहमत आहे’ हे बटण तसंच आहे. मुलाच्या शाळेचा गट, सोसायटीचा गट, रेशन दुकानदाराचा निरोप सगळं एकाच ॲपवर असेल तर ‘असहमत’ होऊन जाणार कुठे?

कधीकधी मात्र नकार चालतो. फेसबुकनं २०१५ मध्ये एका भारतीय मोबाइल कंपनीच्या साथीनं ‘फ्री बेसिक्स’ आणलं होतं. गरिबाला फुकट इंटरनेट, पण त्यांनी मान्य केलेल्या साइटींपुरतंच. लोकांनी ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, लाखोंनी ईमेल पाठवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं असा दुजाभाव करणारे दर बंद केले. त्यावर फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन यांनी ट्विट केलं की वसाहतवादविरोधानं भारतीयांचं दशकानुदशकं आर्थिक नुकसानच केलंय, आता कशाला थांबायचं. नंतर ते काढून टाकलं, माफीही मागितली. वसाहतवाद हा शब्द या वादात आम्ही ओढून आणला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही आठवण.

हे सगळं फुकट मिळतं ना?

नाही. जाहिरातदार पैसे देतो आणि ते साबणाच्या किमतीत मिळवून आपल्याकडून वसूल करतो.

नवी मुंबईचा याच्याशी काय संबंध? हा तर अमेरिकेचा विषय.

ऐरोली, रबाळे, महापे, पुढे पनवेल. ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना खिडक्या नसलेल्या, छतावर यंत्रांची रांग असलेल्या ज्या इमारती दिसतात त्या डेटा सेंटर आहेत. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई महानगर प्रदेशात आहे आणि त्यातला मोठा भाग खाडीच्या या बाजूला. कारण साधं आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीची जमीन तयार होती, वीज आणि पाणी होतं.

केबलची गोष्ट नवी नाही. मुंबईहून समुद्राखालून सुएझमार्गे लंडनपर्यंत तार १८७० मध्ये जोडली गेली. कापसाचे भाव आणि सरकारचे हुकूम तिच्यावरून धावायचे. त्याआधी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. ठाणेकरांना त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्या रेल्वे कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायचं, असा करार होता. नफा झाला तर त्यांचा, तोटा झाला तर रयतेचा. गाडीत आपणही बसलो, फायदा आपलाही झाला. म्हणून करार न्याय्य होता असं होत नाही.

आता डेटा सेंटरचा करार बघा. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांत सवलती आहेत. सर्व्हर थंड ठेवायला पाणी लागतं किंवा जादा वीज लागते, दोन्हींपैकी एक लागतंच. या पट्ट्याला एमआयडीसीचं पाणी येतं ते बारवी धरणातून, आणि त्या धरणासाठी मुरबाडकडचे आदिवासी पाडे उठले. इमारत उभी राहिली की आत काम करणारी माणसं फार नसतात. सुरक्षारक्षक, वीजतंत्रज्ञ, थोडे अभियंते. स्थानिक तरुणाला यातली कोणती नोकरी मिळते ते सांगायला नको.

पण सर्व्हर आपल्याच गावात असतील तर डेटा आपलाच झाला ना?

गोदाम आपल्या आवारात आहे म्हणून आतला तांदूळ आपला होत नाही.

रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये पैशाच्या व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवायचा आदेश दिला. तपास, देखरेख, कायदा लागू होणं यासाठी तो उपयोगी आहे. मालकी आणि नफा यांचा प्रश्न त्यानं सुटत नाही. कंपनी भारतीय असली तरी सुटत नाही. माझ्या मते तो प्रश्न पासपोर्टचा नाहीच. वसाहतीला स्थानिक दलाल लागतातच.

ज्ञानविषमता म्हणता ती कुठे दिसते?

मोजायला सोपी जागा विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आज त्यावर लेख एक लाखाच्या आसपास आहेत. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख होते. स्वीडिश बोलणारे सुमारे एक कोटी आणि त्यांच्या विकिपीडियावर पंचवीस लाखांहून जास्त लेख. त्यातले पुष्कळ बॉटनं, म्हणजे आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रामनं, लिहिलेत हे खरं आहे. पण बॉट लिहिणारा माणूस, त्याला वेळ, आणि बॉटला भरवायला नीट मांडलेली आकडेवारी हे सगळं तिकडे हाताशी होतं.

दुसरी जागा दिसत नाही, पण खिशाला कळते. संगणकात मजकूर साठवायची जी पद्धत जगभर चालते, यूटीएफ-८, तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘ठाणे’ लिहायला बारा बाइट, तेच रोमन लिपीत पाच. भाषा-मॉडेलं वाक्याचे तुकडे करून वाचतात आणि कंपन्या तुकड्यांवर पैसे आकारतात. मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे त्याच अर्जाला, त्याच तक्रारीला मराठीत जास्त पैसे. नव्या मॉडेलांत अंतर कमी झालंय, गेलेलं नाही. कुणी मराठीचा द्वेष करून हे केलं नाही. पद्धत ठरवणाऱ्यांच्या टेबलावर आपण नव्हतो, एवढंच. पण तेवढ्यानंही बिल वाढतं.

तिसरी जागा संशोधनाची. सरकारी पैशातून संशोधन होतं, प्राध्यापक लेख फुकट लिहितात, दुसरे प्राध्यापक फुकट तपासतात, आणि परदेशी प्रकाशक तो लेख त्याच विद्यापीठाला विकतो. हा खर्च पेलायला केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. विद्यार्थ्याला वाचायला मिळेल हे उत्तमच. पण आपलंच ज्ञान परत वाचायला ६,००० कोटी, हा आकडा मला रेल्वेच्या ५ टक्क्यांची आठवण करून देतो.

मराठीत मजकूर कमी आहे हा आपलाच आळस नाही का?

थोडा आहे. सत्कार, शाली आणि अभिमानाच्या पोस्टी यांत आपला बराच वेळ जातो. अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, ढोल वाजले, आणि दुसऱ्या दिवशी मराठीतून अर्ज भरायला गेलं तर पान इंग्रजीतच.

पण आळस हे संपूर्ण उत्तर असतं तर ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं नसतं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेही लोकांकडून भागभांडवल गोळा करून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला विश्वकोश उभा केला, तो आता इंटरनेटवर मोफत वाचता येतो. म्हणजे ज्ञान तयार करायची परंपरा आहे. तुटलं ते पुढचं: ज्ञानातून पैसा आणि पैशातून पुन्हा ज्ञान हे चक्र. विश्वकोश वाचून तयार झालेलं मॉडेल पैसे मिळवतं, त्यातला छदामही वाईला येत नाही.

हळदीचं पेटंट आपण जिंकलो होतो ना? मग कायदा पुरेसा आहे.

जिंकलो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करवलं. त्यातून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, पेटंट तपासनीसांना दाखवायला.

मात्र आपण जिंकलो ते छापील पुरावे दाखवून. कर्जत-मुरबाडच्या कातकरी बाईला कोणत्या पाल्यानं ताप उतरतो हे माहीत आहे, ते कुठल्याही ग्रंथात नाही. तिचं ज्ञान सिद्ध करायचं तर ते आधी नोंदवावं लागतं, आणि नोंदवलं की ते सगळ्यांना नेता येतं. या कोंडीवर कायद्याकडे आजही धड उत्तर नाही.

वारली चित्रांचं तेच. भौगोलिक मानांकन आहे, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ‘वारली शैलीत लग्नपत्रिका काढ’ असं सांगितलं की मॉडेल क्षणात तारपा नाच काढून देतं, आणि डहाणूच्या पाड्यावर त्याचा निरोपही जात नाही.

नुकसानभरपाई मागणं जरा जास्तच होतं. कोण कुणाला भरपाई देतं?

देतात, फक्त कुणाला ते बघायचं. ब्रिटननं १८३३ च्या कायद्यानं गुलामगिरी बंद केली तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना नाही, त्यांच्या मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाची फेड २०१५ मध्ये पूर्ण झाली. केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ लढ्याच्या काळात छळ झालेल्या ५,२२८ जणांना ब्रिटननं २०१३ मध्ये भरपाई मान्य केली, आणि तोही आकडा वकिली खर्चासकट सुमारे दोन कोटी पौंडांचाच होता. मधल्या १८० वर्षांत पौंड किती स्वस्त झाला हे ज्याचं त्यानं मोजावं.

कॅरिबियन देशांनी २०१४ मध्ये दहा कलमी मागणी मांडली, त्यात तंत्रज्ञान हस्तांतर हे एक कलम आहे. आपल्याकडे शशी थरूरांनी २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या चर्चेत वर्षाला एक पौंड अशी प्रतीकात्मक भरपाई सुचवली. टाळ्या खूप पडल्या. मला ते पटत नाही. प्रतीकावर आपण फार लवकर खूश होतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा केवढा सोहळा झाला. ती तीन वर्षांच्या बोलीवर उसनी आली होती. पुढच्या वर्षी रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात पैसे मोजून घेतली.

मग मागायचं तरी काय? पैसे?

एकरकमी पैसे हा सर्वांत वाईट पर्याय. भूसंपादनाच्या पैशांचं गावात काय झालं ते म्हाताऱ्यांना विचारा.

प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांनी जी मागणी लावून धरली तिचं वेगळेपण इथे आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात, दास्तान फाटा आणि नवघरला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. आपण ती इतकी वर्षं ऐकतोय की तिच्यातला विचार बोथट झालाय. ती जुन्या शेताची किंमत नव्हती. शेतावर जे शहर उभं राहिलं, रस्ते-गटारं-वीज आल्यावर जमिनीला जो भाव आला, त्यात वाटा होता. ‘आमच्या जमिनीचं तुम्ही जे केलंत त्यात आम्ही आहोत’ असं सांगणारा वाटा.

डिजिटल भरपाईचं तत्त्व मला हेच हवं आहे. मराठी मजकुरावर मॉडेल शिकलं तर त्याच्या कमाईचा ठरलेला हिस्सा मराठीच्या सार्वजनिक संस्थांना: वाचनालयं, कोशमंडळं, विद्यापीठं. संगणनशक्तीचा हिस्सा, म्हणजे रबाळ्यातल्या सर्व्हरांचे काही तास मुंबई विद्यापीठाच्या आणि जिल्हा परिषद शाळांच्या कामासाठी. परदेशी ग्रंथालयांत असलेल्या मराठी हस्तलिखितांच्या प्रतिमा, वापराच्या हक्कांसकट. आणि पद्धती ठरतात त्या टेबलावर खुर्ची. यातलं शेवटचं मिळालं नाही तर बाकीचं पुढच्या पिढीला पुन्हा मागावं लागेल.

साडेबारा टक्क्यांचं काय झालं ते आम्ही बघतोय. तेच पुन्हा?

हा प्रश्न घणसोलीत एका काकांनी उभं राहून विचारला होता आणि सभेत हशा पिकला होता.

साडेबारातले पावणेचार सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, हातात पावणेनऊ येतात. वारस दाखले, कज्जे, खेटे. भूखंड मिळेपर्यंत आजोबा गेले, नातवानं बिल्डरशी करार केला. बहिणींकडून हक्कसोड पत्रं लिहून घेतली गेली. गावठाणातली गरजेपोटीची, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीविना बांधलेली, घरं अजून धाकातच. आणि वाटा मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. खाडीत मासे धरणाऱ्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर असणार?

म्हणून डिजिटल वाट्याच्या अटी आधी लिहाव्यात. वाटा व्यक्तीला नको, संस्थेला. विकता येणार नाही असा. आणि मुदत घातलेला. सातबाऱ्याचा प्रश्न मात्र उरतो. मराठी डेटाचा मालक कोण? पुस्तकाचा लेखक सापडेल. बाजारात बोलणाऱ्या आवाजाचा, वर्षानुवर्षं नकाशावर गल्लीचं नाव सुधारणाऱ्या मुलाचा उतारा कुठे काढायचा? त्यामुळेच मी वैयक्तिक रॉयल्टीपेक्षा सामायिक निधीच्या बाजूनं आहे.

सरकारनं काहीच केलेलं नाही का?

केलं, आणि सोडलंही. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर भारतानं २०१६ मध्ये ६ टक्के समानीकरण शुल्क लावलं. लोक त्याला गूगल टॅक्स म्हणायचे. २०२० मध्ये ई-व्यापारावर २ टक्के आलं. अमेरिकेला दोन्ही खुपत होती. २ टक्के ऑगस्ट २०२४ मध्ये गेलं, ६ टक्के एप्रिल २०२५ मध्ये. भाषांसाठी वेगळा ठेवता येईल असा पैशाचा एकमेव स्रोत आपण स्वतः बुजवला, असं माझं मत आहे.

‘भाषिणी’ हा केंद्राचा भारतीय भाषांच्या भाषांतराचा प्रकल्प २०२२ पासून आहे आणि चांगलं काम करतो. मॉडेलं शिकवायला वापरलेल्या मजकुरासाठी सक्तीचा परवाना आणि मोबदला असावा, असा प्रस्ताव केंद्राच्या उद्योग विभागाच्या समितीनं डिसेंबर २०२५ मध्ये मांडला. कंपन्यांना तो आवडलेला नाही, यावरून तो वाचण्याजोगा आहे.

आपणही आतले वसाहतवादी नाही का?

आहोत. पुण्याचं मराठी म्हणजे मराठी आणि आगरी म्हणजे विनोदाची भाषा, हे मराठी सिनेमा-नाटकांनीच शिकवलं. प्रमाणभाषेचे अॅप सुधारतील तसे आगरी, कातकरी, वारली बोलणारे आणखी मागे पडतील. मराठीचा हक्क मागताना त्यातला हिस्सा बोलींना लेखी द्यायला आपण तयार आहोत का, यावर आमच्या बैठकांत अजून एकमत नाही.

आमची आजी धवलारीण आहे, लग्नविधीत धवले गाते. तिचे धवले रेकॉर्ड करून ठेवायचेत. कुठे टाकू?

कुठेही टाकायच्या आधी तिला विचारा, आणि ‘टाकू का’ एवढंच नको. कोण ऐकेल, कोण उतरवून घेईल, त्यावर मशीन शिकू शकेल हे तिला कळेल असं सांगा. लग्नातले धवले द्यायला ती तयार असेल, काही विधींचे नसेल.

मूळ फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत नातेवाइकाकडे. सोबत लिहून ठेवा: गाणारी कोण, कुणाकडून शिकली, कुठलं गाव, कोणत्या विधीला. मग परवाना निवडा. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर मराठी आहे, पण तिथे दिलेला आवाज सर्व हक्क सोडून दिलेला असतो, कोणतीही कंपनी तो वापरू शकते, नाव न घेताही. तिथे छापील वाक्यं वाचायची असतात, त्यासाठी तो ठीक आहे, धवल्यांसाठी नाही. विकिमीडिया कॉमन्सवर नाव देण्याची अट ठेवता येते. न्यूझीलंडमध्ये ‘ते हिकू मीडिया’ या माओरी संस्थेनं लोकांकडून शेकडो तासांचं बोलणं जमवलं, पण ते कंपन्यांना न देता स्वतःचा परवाना लिहिला आणि स्वतःचं भाषायंत्र बनवलं. तो परवाना वाचा. आपल्याकडे तसा मराठीत लिहायला एक वकील आणि दोन-तीन धवलारणी एकत्र बसवायला लागतील. वकील मिळतोय, धवलारणींना लग्नसराई संपेपर्यंत वेळ नाही.